युझुफ्रक्ट म्हणजे नक्की काय? शब्द आला कुठून, आणि दस्तात सापडला तर काय समजायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचं मूळ घर पेडण्याकडचं, घर आणि मागचं भाट (नारळ-आंब्याची बागायत) वडिलांनी नव्वदच्या दशकात दोघा मुलांना बक्षीसपत्राने दिलं, आणि दस्तात एक वाक्य आहे की देणाऱ्या नवराबायकोने 'युझुफ्रक्ट' आपल्याकडे राखून ठेवला आहे. आता वडील नाहीत, आई आहे. एक भाऊ म्हणतो आई मालक नाहीच त्यामुळे तिला विचारायची गरज नाही, दुसरा म्हणतो आई आहे तोवर कोणालाच काही करता येत नाही, आणि तुम्हाला मुळात हा शब्दच काय आहे, कुठून आला, मराठीत त्याला काय म्हणायचं आणि घराची दुरुस्ती कोणी करायची ते हवंय.

मी गोव्यात दिवाणी वकिली करतो, जुने पोर्तुगीज दस्त वाचणं हे रोजचं काम आहे, त्यामुळे हा शब्द माझ्या टेबलावर कायम येतो. एका वाक्यात उत्तर द्यायचं तर, वस्तू दुसऱ्याची, ती वापरायचा आणि तिचं उत्पन्न खायचा हक्क माझा, मी जिवंत असेपर्यंत, पण मूळ वस्तूला धक्का न लावता. गाय एकाच्या नावावर आणि दूध दुसऱ्याच्या घरी, तसलं प्रकरण आहे. तुमचे दोन्ही भाऊ अर्धे अर्धे चुकतायत, कसं ते खाली येतंय, पण आधी शब्द उलगडू या कारण भांडणाचं उत्तर शब्दातच आहे.

इंग्रजीत उच्चार साधारण यूझुफ्रक्ट, पोर्तुगीजमध्ये उझुफ्रुतु, आणि आमच्याकडे कोर्टात प्रत्येकजण आपापल्या मर्जीने म्हणतो. लॅटिनमध्ये हे मुळात दोन शब्द होते, ऊसुस आणि फ्रुक्तुस. ऊसुस म्हणजे वापर, फ्रुक्तुस म्हणजे उपभोग, आणि मग उपभोगाला जे मिळतं ते, म्हणजे फळ, उत्पन्न. रोमन वकील दोन्ही शब्द एकत्र लिहायचे तरी त्यांची ओळख मात्र वेगळी ठेवायचे, म्हणजे विभक्ती लावायची वेळ आली की नुसतं शेपूट बदलत नसे, पहिला शब्दही बदले, कर्म असेल तर ऊसुमफ्रुक्तुम. पुढे हा जोड इतका घट्ट बसला की पहिल्या शब्दाची शेपटी झिजली आणि उझुफ्रुक्तुस असा एकच शब्द उरला, आणि सतराव्या शतकात तो इंग्रजी वकिलांच्या भाषेत शिरला. इंग्लंडच्या स्वतःच्या कायद्यात ही कल्पना या नावाने कधी नव्हती, त्यांच्याकडे लाइफ इस्टेट (हयातीपुरता हक्क) वगैरे वेगळी व्यवस्था, म्हणून इंग्रजीत हा शब्द कायम पाहुण्यासारखाच राहिला. फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगालमध्ये मात्र तो अगदी घरचा, तिथे आजी गेल्यावर नोटरीकडे बसलेल्या साध्या माणसालाही तो माहीत असतो.

ऊसुस ज्या धातूपासून आला त्याची पिलावळ तुम्ही रोज वापरता, यूज, युटेन्सिल, अब्यूज, व्याजखोरीसाठी युझरी, आणि युझर्प, म्हणजे वापराच्या जोरावर हिसकावून घेणं. दुसऱ्या धातूपासून फ्रूट, फ्रुक्टोज, आणि फ्रुइशन. या फ्रुइशनचा अर्थ लोक 'फळाला येणं' असा घेतात पण मूळ अर्थ होता उपभोग, फळाशी सरळ संबंध नाही, उच्चार सारखा म्हणून अर्थ नंतर सरकला. जर्मनमधलं ब्राउखेन, म्हणजे लागणं किंवा वापरणं, हेही त्याच जुन्या मुळाचं. आता आपल्याकडे भुज्, भोग, उपभोग हे शब्द ऐकले की वाटतं हेही त्यातलंच असणार, मलाही कॉलेजात तसंच सांगितलं होतं, पण संस्कृत भुज् ला भाषेचे अभ्यासक लॅटिनमधल्या दुसऱ्याच एका धातूशी जोडतात, फंक्शन हा शब्द ज्यातून आला त्या. तेव्हा अर्थ जुळतो म्हणून नातं जुळवू नका.

आता हे निघालं कशातून. बहुतेक अभ्यासकांच्या मते रोममध्ये ही सोय विधवांसाठी झाली. एका प्रकारच्या लग्नात बायको नवऱ्याच्या कुळात जात नसे, बापाच्याच कुळात राहायची, त्यामुळे नवरा मेला की तिला त्याच्या मालमत्तेत मुलांसारखा वाटा नाही. तिला मालकी दिली तर तिच्यामागे ती मालमत्ता तिच्या माहेरी जाणार, नाही दिली तर ती उघड्यावर. मग मधला मार्ग निघाला की मालकी मुलांना, आणि ती जिवंत असेपर्यंत वापर आणि उत्पन्न तिला. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत आजही हा दस्त नेमका याच हिशोबाने होतो, मुलांच्या नावावर करून टाकायचं पण म्हातारपणी कोणी बाहेर काढता कामा नये.

पाउलुस नावाच्या रोमन कायदेपंडिताने केलेली व्याख्या पुढे 533 सालच्या जस्टिनियन बादशहाच्या कायदेसंकलनात आली आणि आजवर तीच चालते: परक्याच्या वस्तू वापरण्याचा व त्यांचं फळ घेण्याचा हक्क, वस्तूचं मूळ द्रव्य शाबूत ठेवून. शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि दस्त करताना लोक नेमका तोच विसरतात. मूळ शाबूत पाहिजे.

सिसेरो या रोमन वक्त्याने यावर एक भारी उदाहरण दिलंय. नवऱ्याने बायकोला आपल्या मालमत्तेचा युझुफ्रक्ट ठेवला आणि मागे दारूने आणि तेलाने भरलेली तळघरं सोडून गेला. बाईने ती आपली समजू नये, असं सिसेरो म्हणतो, कारण तिला ऊसुस दिलाय, अबूसुस नाही. इथे अबूसुस म्हणजे आजचं अब्यूज नव्हे हां, नुसतं वापरून संपवणं. तेल वापरलं की संपलं, मग मूळ शाबूत कुठे राहिलं? नंतर सुरुवातीच्या बादशाहीच्या काळात सेनेटने ठराव करून वाट काढली की संपणाऱ्या वस्तूंवर, पैशांवरसुद्धा, असा हक्क ठेवता येईल, पण तेवढ्याच किमतीची परतफेड होईल असा जामीन आधी द्यायचा. पुढच्या काळातल्या वकिलांनी यावरून मालकीचे तीन तुकडेच पाडले, ऊसुस, फ्रुक्तुस आणि अबूसुस, वापरणं, फळ खाणं आणि विल्हेवाट लावणं. युझुफ्रक्टमध्ये पहिले दोन एकाकडे आणि तिसरा दुसऱ्याकडे. हे तीन कप्पे डोक्यात पक्के केले की दस्तातले निम्मे प्रश्न सुटतात.

उरलेले निम्मे प्रश्न मात्र एकाच गोष्टीवर अडतात, आणि ती म्हणजे फळ कशाला म्हणायचं. रोमन लोक यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडले. मेंढीचं कोकरू, गायीचं वासरू हे फळ, यात वाद नव्हता. पण गुलाम स्त्रीला मूल झालं तर ते कोणाचं, उपभोग घेणाऱ्याचं की मूळ मालकाचं? इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात यावर मोठ्या मोठ्या पंडितांत दोन तट पडले होते, शेवटी ब्रूटुस नावाच्या कायदेपंडिताचं मत टिकलं (सीझरवाला नव्हे, त्याच्या आधीचा), की माणूस हे माणसाचं फळ असू शकत नाही, सबब मूल मूळ मालकाचं. म्हणजे गुलामगिरी चालू ठेवून वर हे तत्त्वज्ञान, आता काय बोलावं. कळपाचा नियम मात्र आजही कामाचा आहे: कळपावर हक्क असेल तर जन्मलेली पिल्लं तुमची, पण जी जनावरं मेली तेवढी पिल्लांतून भरून द्यायची, कळप होता तेवढा राहिला पाहिजे.

आणि फळ तुमचं होतं कधी? रोमन नियम असा की हाताने तोडलंत तेव्हा. झाडावर आहे तोवर ते झाडाच्या मालकाचं. समजा आईचा हक्क आहे, एप्रिलमध्ये मानकुरादची झाडं लगडलीत, आणि आंबा उतरवायच्या आठ दिवस आधी ती गेली, तर रोमन हिशोबाने तो आंबा मुलांना मिळतो, आईच्या वारसांना नाही. वारस आणि मुलं तीच असतील तर भांडण नाही, पण एका मुलाला भाट दिलंय आणि तीन मुलींना काही नाही अशा घरात हे टोपलीटोपलीवरून भांडण होतं, मी पाहिलंय. फ्रेंच कोडनेही (फ्रान्सच्या दिवाणी कायद्याने) हेच ठेवलंय, हक्क सुरू होताना झाडावर असलेलं पीक उपभोगवाल्याचं, संपताना झाडावर असलेलं मालकाचं, आणि मशागतीचा खर्च कोणी कोणाकडे मागायचा नाही. भाड्याचं वेगळं, भाडं दिवसादिवसाने जमतं असं धरतात, म्हणून महिन्याच्या मध्येच हक्क संपला तर तेवढ्या दिवसांचं भाडं आईच्या वारसांचं आणि पुढचं मालकाचं.

झाडांचं अजून एक. नारळ, काजू, आंबा हे फळ, पण झाडच तोडून विकलं तर? लाकूड हे फळ नव्हे, मूळ द्रव्य. फ्रेंच कोडमध्ये उंच वाढलेल्या इमारती लाकडाच्या झाडांना उपभोगवाल्याने हात लावायचा नाही, मेलेलं फळझाड त्याने न्यावं पण त्या जागी दुसरं लावून द्यावं. चिऱ्याची खाण जमिनीत आधीपासून चालू असेल तर तो चिरे काढू शकतो, नवीन खाण उघडू शकत नाही. आणि खणताना सोन्याचा हंडा लागला तर उपभोगवाला म्हणून त्याला त्यातलं काही नाही.

हे वाचताना मला नेहमी आपल्या मराठेशाहीतल्या इनामाच्या सनदा आठवतात. जमीन दिली की त्यात लिहायचे, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसहित दिली, आणि लेकराचे लेकरी इनाम 'अनभवून' सुखरूप राहणे. हे अनभवणे म्हणजे आजचं अनुभवणे नव्हे, उपभोग घेणे. बघा, यादी तीच आहे, पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन. रोमन वकील जिथे रेघ मारून म्हणतो की गवत घे, फळ घे, पण लाकूड नको, नवा दगड नको, धन तर मुळीच नको, तिथे आपला चिटणीस एकेक नाव घेऊन सांगतो की हे पण दिलं, ते पण दिलं. कारण त्यालाही ठाऊक होतं की नावं घेतली नाहीत तर उद्या वाद होणार. म्हणून इनाम म्हणजे युझुफ्रक्ट असं जे काही ठिकाणी सरसकट लिहिलेलं दिसतं ते मला पटत नाही. इनाम वंशपरंपरेने चालायचं आणि हा माणसाबरोबर मरतो, हा फरक लहान नाही.

आता ऊसुस आणि फ्रुक्तुस हे दोन वेगळे शब्द का ठेवले याचं उत्तर. रोममध्ये नुसता ऊसुसही देता यायचा, फळाशिवाय. नुसता ऊसुस असलेला माणूस घरात राहील, स्वतःच्या गरजेपुरती परसातली भाजी, फुलं, लाकूडफाटा घेईल, पण विकायला काही नेणार नाही. आमच्याकडे दस्त लिहिणारे नेमकं इथे घाण करून ठेवतात. 'आईला राहण्याचा हक्क राहील' असं लिहिलं तर तो नुसता ऊसुस झाला, मग आई मुलीकडे मडगावला राहायला गेली आणि घर भाड्याने द्यायचं म्हणाली तर मुलगा म्हणणार तुला राहायचा हक्क होता, भाड्याचा नव्हता. आणि तो बरोबर असतो! उलट 'उपभोगाचा हक्क' किंवा सरळ युझुफ्रक्ट लिहिलं असेल तर आई घर भाड्याने देऊ शकते, भाट खंडाने देऊ शकते, काजूची पावणी (लिलाव) करू शकते, पैसे तिचे. तुमच्या दस्तात युझुफ्रक्ट हाच शब्द आहे, तेव्हा आईची बाजू भक्कम आहे.

आता भावांचं. आईचा हक्क आहे तोवर मुलांकडे जी मालकी उरते तिला पोर्तुगीजमध्ये नुआ प्रोप्रिएदाद म्हणतात, शब्दशः नागडी मालकी, वरचे कपडे म्हणजे वापर आणि फळ दुसऱ्याकडे. पण नागडी असली तरी मालकी ती मालकीच, आणि दस्त झाला त्या दिवसापासून. त्यामुळे 'आई आहे तोवर काहीच करता येत नाही' हे चूक, मुलं आपली ती मालकी विकू शकतात, गहाणही टाकू शकतात, फक्त घेणाऱ्याला ती जशी आहे तशीच मिळते, आई जिवंत असेपर्यंत तो पायरीवर बसून वाट बघणार. (आणि गोव्यात मुलांच्या बायकांच्या सह्याही लागतील, ते वेगळं सांगायला नको.) आणि 'आईला विचारायची गरज नाही' हेही चूक, कारण बिल्डरला मोकळी जागा हवी असते, आणि मोकळी जागा द्यायची तर आईची सही लागतेच. आई आणि सगळी मुलं एका दस्तावर आली की तिन्ही कप्पे एकत्र येतात आणि पूर्ण मालकी विकली जाते. आईला एकटीने ती जागा विकता येत नाही, हे तिलाही सांगून ठेवा, कारण सर्व्हे रेकॉर्डला तिचं नाव बघून कोणीतरी तिच्याकडून परस्पर सही घेऊन जातो, असलं होतं.

तुमच्या दस्तात एक गोष्ट लगेच उघडून बघा. नवराबायको दोघांनी मिळून हक्क राखलाय, तर त्यात 'दोघांपैकी मागे राहील त्याला संपूर्ण' अशा अर्थाचं काही लिहिलंय का? लिहिलं असेल तर वडिलांचा अर्धा हक्क आईकडे गेला. नसेल लिहिलं तर मुलं म्हणू शकतात की वडिलांचा अर्धा हिस्सा ते गेले त्या दिवशी संपला आणि आमच्या मालकीत येऊन मिळाला. दस्त करताना हे एक वाक्य घालायला काही पैसे पडत नाहीत आणि तरी दहातल्या कितीतरी दस्तांत ते नसतं.

आई स्वखुशीने हक्क सोडणार असेल तर तो रजिस्टर दस्ताने सोडायचा. साध्या स्टॅम्प पेपरवर अॅफिडेव्हिट करून 'माझी हरकत नाही' लिहून घेतलेलं मी मोजत नाही, पुढे बँकेचा वकीलही मोजणार नाही. आणि आई गेल्यानंतर या हक्काचे वारस वगैरे काही नसतात, तो आपोआप विझतो, मुलांची मालकी फुगून पूर्ण होते, मृत्यूचा दाखला लावून फॉर्म वन-फोर्टीनवरची (म्हणजे गोव्यातला सातबारा) नोंद काढून घ्यायची एवढंच. दुरुस्तीचं विचारलं होतं तुम्ही, तर सगळीकडे साधारण रीत अशी की कौलं फिरवणं, रंग, घरपट्टी हे उपभोग घेणाऱ्याने करायचं आणि भिंत पडली, अख्खं छप्पर बदलायचं झालं तर ते मूळ मालकाने. जुनी मातीची घरं असतील तर घर कोसळल्यास काय हेही दस्तात लिहावं. रोममध्ये नियम फार कडक होता, घरावरचा हक्क घर जळालं की संपला, खालच्या जागेवरही उरत नसे.

माणसाबरोबर मरतो म्हटलं, मग हक्क एखाद्या शहराला दिला तर? शहर मरत नाही. रोमन वकिलांनी यावरही डोकं चालवलं आणि 100 वर्षं ठरवली, कारण माणूस जास्तीत जास्त तेवढंच जगतो. आणि दुसऱ्या एकाने म्हटलं की शहरावरून नांगर फिरवला, जसं रोमने उद्ध्वस्त केलेल्या कार्थेजचं झालं, तर शहर मेलं असं समजावं आणि हक्कही तिथेच संपावा. आजच्या फ्रेंच कोडमध्ये संस्थेला दिलेला असा हक्क 30 वर्षांत संपतो.

माणसाच्या बाबतीत तो कधी संपणार हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून त्याची किंमत काढायची तर वय बघून काढतात. फ्रान्समध्ये टॅक्ससाठी चक्क तक्ता आहे, 51 ते 60 वयाच्या माणसाचा युझुफ्रक्ट पूर्ण मालमत्तेच्या 50 टक्के धरायचा, 71 ते 80 ला 30 टक्के, 91 च्या पुढे 10 टक्के. पण तक्ता तक्त्याच्या जागी. 1965 साली फ्रान्समधल्या आर्ल गावात झान काल्माँ नावाच्या 90 वर्षांच्या बाईंनी आपला फ्लॅट एका नोटरीला विकला, अट अशी की त्या जिवंत असेपर्यंत फ्लॅट त्यांच्या वापराला आणि नोटरीने दरमहा 2,500 फ्रँक द्यायचे. तिकडे या व्यवहाराला व्हियाजे म्हणतात, सख्खा नाही तरी युझुफ्रक्टचा चुलत भाऊ. नोटरी तेव्हा 47 वर्षांचा होता, त्याने हिशोब केला असणार. बाई 122 वर्षं जगल्या, 1997 मध्ये गेल्या, नोटरी त्यांच्या आधी 1995 मध्येच गेला, आणि त्याच्या घरच्यांना पुढचे हप्ते भरावे लागले. बोला आता. आमच्या धंद्यातला माणूस होता म्हणून जास्तच वाईट वाटतं.

कायद्याच्या बाहेर हा शब्द गाजला तो एका पत्रामुळे. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने पॅरिसहून 6 सप्टेंबर 1789 ला जेम्स मॅडिसनला लिहिलं की पृथ्वी ही जिवंत माणसांकडे युझुफ्रक्ट म्हणून असते. मुद्दा कर्जाचा होता, एका पिढीने काढलेलं सरकारी कर्ज पुढच्या पिढीच्या माथी मारायचा हक्क तिला नाही, आणि त्याने मृत्यूच्या आकड्यांवरून हिशोब करून एका पिढीची मुदत 19 वर्षं काढली होती. जमीन गुलामांकडून कसून घेणारा माणूस हे लिहीत होता ते सोडा, पण शब्द मात्र त्याने अचूक वापरला: वापरा, खा, आणि मूळ शाबूत पुढे द्या. आज पर्यावरणावर लिहिणारे हा शब्द उचलतात तो बहुतेक तिथूनच.

मराठीत याला काय म्हणायचं हेही विचारलंय तुम्ही. कायद्याच्या भाषांतरात फलोपभोग असा शब्द दिसतो, मला तो आवडतो कारण दोन्ही अर्धे त्यात आलेत, पण बोलताना कोणी म्हणत नाही. जुन्या दस्तांत 'तहहयात उपभोगाचा हक्क' लिहिलेलं असतं, ते सरळ आणि पुरेसं आहे. भोगवटा हा शब्द मात्र इथे वापरू नका. सातबारावरचा भोगवटादार वर्ग एक, वर्ग दोन ही महसुली भानगड आहे, आणि भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे तर बिल्डिंगचं ओसी, त्यांचा आपल्या विषयाशी काडीचा संबंध नाही, दस्तात तो शब्द आला की पुढच्या वकिलाची दिशाभूल ठरलेली.

गोव्यात ही कल्पना पोर्तुगीज सिव्हिल कोडबरोबर आली. कोड 1867 चा, इथे लागू झाला 1 जुलै 1870 पासून. गंमत म्हणजे खुद्द पोर्तुगालने 1967 पासून नवीन कोड आणला, इथे मात्र 1961 नंतरही कुटुंब आणि वारसा या बाबतीत जुनाच चालत राहिला, आणि वारसाचा भाग हल्ली गोवा विधानसभेच्या 2012 च्या कायद्यात आलाय. म्हणून आमच्या जुन्या दस्तांत उझुफ्रुतु पानोपानी भेटतो. एक लक्षात ठेवा, मुलांना दिलेलं असं बक्षीस आईवडिलांच्या मागे वाटणीच्या वेळी हिशोबात धरलं जातं, कारण मालमत्तेचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो, त्यामुळे बहिणी असतील तर दस्त झाला म्हणजे विषय संपला असं समजू नका.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. तिकडे बक्षीसपत्र करून हयातभर ताबा आणि उत्पन्न आपल्याकडे ठेवता येतं का, तर येतं. ताबा दिला नाही म्हणून बक्षीस अपुरं, असा वाद पूर्वी व्हायचा, सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये रेणिकुंतला राजम्मा प्रकरणात सांगितलं की स्थावराचं बक्षीस रजिस्टर दस्ताने झालं, घेणाऱ्याने ते स्वीकारलं, तर देणाऱ्याने आयुष्यभर ताबा आणि भाडं स्वतःकडे ठेवलं तरी ते पक्कं. पण मृत्युपत्राने बायकोला 'फक्त हयातभर' हक्क ठेवताना जरा जपून. हिंदू वारसा कायदा 1956 चं कलम 14 आडवं येतं. तो हक्क तिला पोटगीच्या आधीच्याच हक्कापोटी मिळाला असं कोर्टाला दिसलं तर पोटकलम एक लागतं आणि तिची मर्यादित मालकी पूर्ण होऊन बसते, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. 1977 च्या तुळसम्मा प्रकरणापासून हे चालत आलंय. गोव्यात तो कायदा लागू नाही म्हणून ही अडचण आमच्याकडे नाही.

आणि युझुफ्रक्चुअरी मॉर्टगेज हा शब्द कुठे दिसला तर गोंधळू नका, ते म्हणजे आपलं ताबेगहाण, मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चं कलम 58 ड. सावकाराला जमिनीचा ताबा दिला, तो पीक खाणार आणि ते व्याजात किंवा मुद्दलात किंवा दोन्हीत धरणार. इथे हक्क माणसाच्या आयुष्याला नाही तर कर्जाला बांधलेला, एवढाच फरक, बाकी वापर आणि फळ तेच. कोकणात पणजोबांनी अशी गहाण टाकलेली कुणगी (भातशेतीचे तुकडे) अजून सावकाराच्या नातवाच्या वहिवाटीत असलेली सापडतात आणि लोक धरून चालतात की 30 वर्षं उलटली, जमीन गेली. तसं नाही. सिंग राम विरुद्ध शिव राम, सुप्रीम कोर्ट, 2014: नुसती 30 वर्षं उलटली म्हणून ताबेगहाण सोडवायचा हक्क बुडत नाही, मुदत मोजायची ती उत्पन्नातून कर्ज फिटलं किंवा रक्कम भरली तेव्हापासून, गहाण टाकल्या तारखेपासून नाही. तेव्हा आजोळच्या कागदांच्या पेटीत असला कागद असेल तर फेकू नका, फेरफाराचे जुने उतारे काढा आणि तो ताबेगहाणच आहे की मुदतखरेदी (मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत, नाहीतर विक्री कायम) आहे ते आधी वाचून घ्या, कारण मुदतखरेदी निघाली तर सगळं गणित वेगळं.